मदत हवी आहे: परदेशी प्रकल्पातला हिस्सा दुसऱ्या संस्थेला कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका खासगी विद्यापीठाच्या संशोधन विभागात आहे. दारावर 'आंतरराष्ट्रीय प्रकल्प कक्ष' अशी पाटी लागल्यापासून परदेशाचं नाव असलेली प्रत्येक फाईल माझ्याच टेबलावर येऊन पडते. कक्ष म्हणजे मी, एक कपाट आणि कधीमधी चालणारा प्रिंटर.

विश्वामित्रीच्या गाळावर तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झालाय. पैसे जर्मनीतल्या एका फाउंडेशनचे, तिकडचं एक विद्यापीठ मुख्य भागीदार. नमुने आमचे सर घेणार (नावेतूनच, नदीत मगरी आहेत) आणि रासायनिक तपासणी पुण्याची एक संस्था करणार. बजेटात एक तृतीयांश रक्कम 'बडोद्यामार्फत पुण्याला' अशी लिहिलीय. सह्या झाल्या, शिक्के बसले, कुलगुरूंबरोबर फोटोसुद्धा झाले. मग अकाउंट्समधल्या भाईंनी नेमक्या त्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणाले, "बेन, आ नहीं चाले."

त्यांचं म्हणणं, २०२० साली एफसीआरए कायद्यात (परदेशातून येणाऱ्या देणग्या-अनुदानांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) दुरुस्ती झाली, तेव्हापासून परदेशी अनुदानातला हिस्सा पुढे दुसऱ्या कुणालाही देता येत नाही. समोरच्याची नोंदणी असली तरी नाही. सर म्हणतात, "पूर्वी तर असेच दिले होते." पूर्वी म्हणजे २०१७. जर्मन बाई दर सोमवारी नम्रपणे विचारतात, पैसे कधी सोडू? मी दर सोमवारी तितक्याच नम्रपणे 'प्रक्रिया सुरू आहे' असं कळवते.

पुण्याचा हिस्सा तपासणीचं बिल म्हणून दाखवला तर चालेल का? की करारच बदलावा लागेल? कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १ (ग्वाल्हेरकर)
भाई बरोबर आहेत, त्यांना चहा पाजा. बिलाचं म्हणाल तर नमुन्यामागे ठरलेला दर लावून खरोखर तपासणी करून घेत असाल तर ती विकत घेतलेली सेवा. पण पुण्याच्या पीएचडीच्या मुलाची फेलोशिप, त्यांचं उपकरण, त्यांचा प्रवास हे सगळं त्या बिलात कोंबाल तर तो हिस्साच, फक्त कपडे बदललेला. शिवाय पुण्याचे लोक शोधनिबंधात सहलेखक असणार ना? मग ते पुरवठादार कसे?
सरळ मार्ग: कराराला दुरुस्तीपत्र जोडा, जर्मन विद्यापीठानं पुण्याशी वेगळा करार करून पैसे थेट तिकडे पाठवावेत. त्याआधी पुण्याची एफसीआरए नोंदणी चालू आहे ना ते बघा. ती पाच वर्षांची असते, आणि नूतनीकरण राहून गेलेल्या संस्था मी पाहिल्यात.

प्रतिसाद २ (जुनी_लेखनिक)
बजेट उघडलंच आहे तर प्रशासकीय खर्चाचा हेडही बघून घ्या. त्याच दुरुस्तीनं मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणलीय. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरणार, मग तुमच्या इथल्या खात्यात येणार, त्यामुळे पहिल्या महिन्यात खर्चाची घाई ठेवू नका. आणि जर्मन मंडळी जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब मागतील, आपला एप्रिल ते मार्च. पहिल्या दिवसापासून प्रत्येक व्हाउचरवर दोन्ही वर्षं लिहा. मी लिहिली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत चारशे व्हाउचर जमिनीवर पसरून बसले होते.
गाळातले जीवाणू पाहणार असाल तर नमुने जर्मनीला पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे चौकशी करा. जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवसुद्धा येतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. पुण्याला फोन केला. नोंदणी चालू आहे, पण थेट करार करायचा तर त्यांना त्यांच्या संचालकांची परवानगी लागेल, म्हणजे आणखी एक फाईल. बिलाचा विषय सोडला. सहलेखकाचा मुद्दा ऐकून सरही गप्प झाले. जर्मन बाईंना आज खरं कारण कळवलं. तासाभरात उत्तर आलं: दुरुस्तीपत्राचा नमुना आमच्याकडे तयारच असतो, हे आधी का नाही सांगितलंत?
जीवाणूंचं सरांना विचारलं. म्हणाले, "तेच तर मुख्य आहे." आता चेन्नईचा अर्ज कुणी भरलाय का, तेवढं सांगा.