प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) पाच महिने चालू आहे, एकदम बंद केलं तर?

सांजवात:
आईला (वय ६२) संधिवातासाठी प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ. पाच महिने चालू आहे. चेहरा सुजल्यामुळे ती गोळी सोडायचं म्हणतेय. सोडली तर नक्की काय होतं? उपाशीपोटी साखर ९६ आहे, म्हणजे ती काळजी नको ना?

औषधपेटी:
एकदम सोडू देऊ नका. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तयार करतात. बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या सुस्तावतात. पाच महिन्यांत तर नक्कीच सुस्तावल्या असतील असं धरून चाला. अशात गोळी एकदम थांबवली तर गळून जाणं, मळमळ, चक्कर, बीपी घसरणं, आणि जिवावरही बेतू शकतं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनीच, पायरी पायरीने. ५ मि.ग्रॅ.च्या आसपास तर आणखी सावकाश, कारण शरीराची रोजची गरज साधारण तेवढीच असते. चेहऱ्याची सूज डोस उतरला की हळूहळू ओसरते, हे त्यांना जरूर सांगा.

गोळी सकाळी न्याहारीनंतर. संध्याकाळी घेतली तर झोप उडते.

खरा घोटाळा डोस उतरवताना होतो. डब्यात ५ ची आणि १० ची पट्टी शेजारी-शेजारी, आणि लक्षात राहतं फक्त 'एक गोळी'. कॅलेंडरवर गोळ्या नव्हे, मि.ग्रॅ. लिहा. मेडिकलवाल्याने दुसरं औषध दिलं तर आकडा तोच धरू नका: मिथाइलप्रेडनिसोलोन ४ किंवा डेफ्लाझाकोर्ट ६ म्हणजे प्रेडनिसोलोन ५.

रात्रपाळी:
९६ वर विसंबू नका. सकाळच्या गोळीने साखर चढते ती दुपारी-संध्याकाळी. दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी तपासा.

तापात गोळी चुकवायची नाही, उलट बहुतेकदा वाढवावी लागते. किती, ते डॉक्टरांकडून आत्ताच फाइलवर लिहून घ्या. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्या. तीही पडली तर थेट रुग्णालय, तिथे हायड्रोकॉर्टिझोनचं (हेही स्टिरॉइडच) इंजेक्शन लागतं. पर्समध्ये चिठ्ठी हवी: औषध, डोस, कधीपासून. ऑपरेशनआधीही ती दाखवायची. स्टिरॉइडमुळे ताप दबून राहतो, तेव्हा थोडी कणकणही गंभीरपणे घ्या.

गुडघ्यासाठी मनाने ब्रूफेन, डायक्लोफेनॅक नको. स्टिरॉइडबरोबर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हाडांसाठी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. डोळ्यांची तपासणीही करून घ्या, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी.

सांजवात:
गोळी चालू ठेवतोय. पण घरात नातवाला कालच कांजिण्या निघाल्यात.

रात्रपाळी:
स्टिरॉइडवर असताना कांजिण्या गंभीर होऊ शकतात. आईला आधी कांजिण्या येऊन गेल्यात का? नसतील किंवा आठवत नसेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा, फोड यायची वाट पाहू नका. तोवर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.