मदत हवी आहे: सुळे लहान म्हणजे जोडीनं राहणारे, असं म्हणता येतं का?

नमस्कार मंडळी, इथे कोणी प्राणीशास्त्र किंवा फिजिकल अँथ्रोपॉलॉजीवाले असतील तर प्लीज वाचा. एमएस्सीच्या सेमिनारसाठी प्रायमेट्समधल्या (माकडं, एप आणि माणूस यांचा गट) नर-मादीच्या दातांवर वाचतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय.

दाढांमध्ये फारसा फरक नसतो, खरा फरक सुळ्यांत, हे कळलं. मँड्रिल या आफ्रिकन माकडाच्या नराचा वरचा सुळा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास आणि मादीचा जेमतेम एक! माद्यांसाठी नर एकमेकांशी भांडतात म्हणून त्यांचे सुळे मोठे, हे डार्विननं 1871 मध्येच मांडलं होतं आणि बबून, गोरिला बघितले की पटतंही. पण गिबन घ्या, आसामातला हूलॉकसुद्धा. जोडीनं राहतात, नर-मादीचे सुळे जवळपास सारखे, पण सारखे म्हणजे लहान नाहीत, दोघांचेही चांगले लांब, कारण हद्द राखायला मादीपण उतरते. आणि ब्राझीलच्या मुरिकी माकडांत उलटंच, जोडी वगैरे काही नाही, एका मादीशी अनेक नर जुगतात तरी नरांचे सुळे लहान, कारण ते आपसात फारसे भांडतच नाहीत, स्पर्धा होते ती मादीच्या शरीरात, त्यांच्या शुक्राणूंची.

आता माझा प्रश्न. इथिओपियात सापडलेला 44 लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस, म्हणजे मानवकुळातला एक आद्य प्राणी, त्याच्या नरांचे सुळेही लहान, आणि खालच्या उपदाढेवर घासून वरच्या सुळ्याला धार लागते ना, तीसुद्धा तिथे नाही. यावरून 2009 मध्ये ओवेन लव्हजॉय या मानवशास्त्रज्ञानं मांडलं की हे जोडीनं राहायचे आणि नर मादीला खाणं आणून द्यायचा. मला ही उडी फार मोठी वाटते. सुळे लहान म्हणजे नरांची दातानं मारामारी कमी, इथपर्यंत ठीक, पण मुरिकी समोर असताना त्यावरून थेट जोडी कशी काढायची? याला दातांव्यतिरिक्त कुठला पुरावा धरतात ते कोणी नीट समजावेल का?

दुसरं, सुटा जीवाश्म दात नराचा की मादीचा हे ठरवतात कसं? साइजवरूनच ठरवायचं आणि मग त्याच साइजमधला फरक मोजायचा, हे गोल गोल फिरणं झालं ना?

आणि पुण्या-मुंबईत लाल तोंडाच्या माकडांच्या नि वानरांच्या कवट्या, नर-मादीची नोंद असलेल्या, विद्यार्थ्यांना मोजू देतात अशी जागा माहीत असेल तर नक्की सांगा. पूर्ण वाढ झालेल्याच हव्यात, कारण नराचे सुळे उशिरा वाढतात आणि अर्धवट वाढलेला नर मोजला तर मादीच वाटायचा.