मदत हवी आहे: दुकानाची वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर न्यायचीय, मागच्या वेळेसारखं व्हायला नको

केळीवाला_सावदा:
नमस्कार मंडळी. सावद्याला आमचं घरचंच काम आहे, केळीचे वेफर्स, काळा मसाला, भरताचा मसाला आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया. २०१९ मध्ये वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान बनवायचं तयार सॉफ्टवेअर) साइट करून घेतली, माल जास्त करून पुण्या-मुंबईत गेलेल्या आपल्याच लोकांना जातो. आता होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचं, रिन्युअल आलंय आणि पहिल्या वर्षाच्या तिप्पट मागून राहिले, वरून साइट इतकी हळू की गिऱ्हाईक फोन करून म्हणतं भाऊ तुम्हीच लिहून घ्या ऑर्डर. मुदत महिनाअखेर संपते आणि त्याच्या दहा दिवस आधी आखाजी (अक्षय तृतीया), म्हणजे नेमकी पापडाची गर्दी.

घाबरतो का ते सांगतो. २०२२ ला एकदा हलवली होती, ओळखीतल्या एका पोराने करून दिली, दोन तासांचं काम आहे म्हणाला. साइट खरंच दोन तासांत सुरू झाली, पण मराठीत लिहिलेलं सगळं गायब. 'नागलीचे पापड' च्या जागी सात प्रश्नचिन्हं, मधे जागा, मग चार प्रश्नचिन्हं, किंमत तेवढी बरोबर. आई वाचून दाखवायची आणि मी टाइप करायचो, आठ रात्री गेल्या. त्याहून वाईट म्हणजे चार दिवस एकही मेल आला नाही, आम्हाला वाटलं मंदी असेल. पाचव्या दिवशी नाशिकच्या व्यापाऱ्याचा फोन, तुमच्याकडे पाठवलेला मेल परत येतोय, धंदा बंद केला काय? माल त्याने तोवर दुसरीकडून उचलला होता.

तर मेल आणि ऑर्डरी न गमावता हे कसं करायचं, आखाजीआधी की नंतर, आणि ती प्रश्नचिन्हं का झाली, कोणी नीट सांगेल का?

तापीकाठ:
बाकी सगळं नंतर, आधी हे बघ की डोमेन (साइटचं नाव) कोणाच्या खात्यात आहे. होस्टिंग वेगळं, डोमेन वेगळं, दोघांच्या तारखाही वेगळ्या असतात. आपल्याकडे निम्म्या दुकानांचं डोमेन साइट बनवणाऱ्या पोराच्या मेलवर असतं.

केळीवाला_सावदा:
दादा बरोबर ओळखलं. त्याच पोराच्या मेलवर आहे, ओटीपी पण त्याच्याच फोनवर, आणि तो आता सुरतला नोकरीला.

तापीकाठ:
मग आजच फोन कर आणि खात्यातला मेल, मोबाइल आपला टाकून घे. पोरगं चांगलं असेल तर पाच मिनिटांचं काम. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायच्या भानगडीत पडू नको, होस्टिंग बदलायला ते लागत नाही.

धुळ्याची_ताई:
मी हेच काम करते म्हणून जरा लांबण लावते, चालवून घे.

प्रश्नचिन्हं का झाली? डेटाबेस यूटीएफ-८ (सगळ्या लिपी मावणाऱ्या) अक्षरसंचातून लॅटिनमधे ओतला गेला, तिथे देवनागरीला जागाच नाही, मग एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. काना-वेलांटी पण वेगळी मोजली जाते म्हणून 'नागलीचे' ची सात झाली बघ. असं झालेलं परत येत नाही, बॅकअपच पाहिजे. (प्रश्नचिन्हांऐवजी परदेशी अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नको, ती बहुतेक वेळा सुधारते.) नव्या ठिकाणी डेटाबेस यूटीएफ-८ एमबी-४ मधे बनव, इम्पोर्ट करतानाही तेच निवड, आणि पहिल्यांदा मसाल्याचं पान उघडून मराठी वाच, मग पुढे.

आता मेल. तू वेबमेल उघडतोस ते सध्याच्याच होस्टिंगवर असणार. मागच्या वेळी त्या पोराने नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले, नेमसर्व्हर बदलले की डीएनएसच्या (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदी नव्या घरच्या लागू होतात, तिथे तुमच्या मेलपेट्या बनवलेल्याच नव्हत्या, म्हणून येणारा मेल दारातून परत. तेव्हा आधी जुन्या पॅनेलमधल्या डीएनएसच्या सगळ्या नोंदींचा फोटो काढ, एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते), एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुझाच आहे याच्या खुणा) सकट. नव्या ठिकाणी त्याच नावाच्या पेट्या बनव आणि जुने मेल आयमॅपने (एका पेटीतून दुसरीत मेल न्यायची सोय) ओढून घे. डीकेआयएम मात्र नव्या घराची नवीन टाकायची, आणि एसपीएफमधे नव्या सर्व्हरचा पत्ता घालायचा, नाहीतर तुझे मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममधे. पुढेमागे मेल वेगळ्या सेवेवर नेलास तर पॅनेलमधे ईमेल राउटिंग 'रिमोट' कर. ते 'लोकल' राहिलं की साइटवरून जाणारा ऑर्डरचा मेल त्याच सर्व्हरच्या पोटात पडतो, तुला कधी दिसतच नाही, आणि एरर पण येत नाही. हे मी स्वतः भोगलंय, तीन दिवस.

आखाजीआधी हात लावू नको. फक्त तयारी कर. नव्या होस्टिंगवर पूर्ण कॉपी टाक आणि आपल्याच लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमधे नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) आणि डोमेन अशी एक ओळ टाक (विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड). म्हणजे जगाला जुनी साइट दिसेल, तुला नवी. एसएसएलची (साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राची) सूचना येईल, ती चालेल, प्रमाणपत्र डोमेन तिकडे वळल्यावर बसतं. एखादी ऑर्डर टाकून पैसे भरेपर्यंत जाऊन बघ. पीएचपीची (साइट ज्या भाषेत चालते ती) आवृत्ती बदलली की जुने प्लगिन बंद पडतात.

टीटीएल (डीएनएसची नोंद बाहेरचे सर्व्हर किती सेकंद लक्षात ठेवतात ते) दोन दिवस आधी कमी कर. पॅनेलमधे साधारण १४४०० असतं, म्हणजे चार तास, ते ३०० कर. मग रात्री अकराला खरेदीचं बटण बंद, शेवटच्या ऑर्डरीचा नंबर वहीत लिही, डेटाबेस ताजा परत ने, आणि ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर ते सांगणारी नोंद) जुन्या ठिकाणीही नव्या आयपीकडे वळव, मग नेमसर्व्हर. नेमसर्व्हरचा बदल सगळीकडे पोचायला दोन दिवससुद्धा लागतात, पण दोन्हीकडे तोच पत्ता असला की कोणीही कुठूनही आला तरी नव्या दुकानातच शिरतो. जुन्या घरी खरेदी बंदच ठेव, नाहीतर अर्ध्या ऑर्डरी तिकडे जमा होतील.

भुसावळ_जंक्शन:
आणि जुनं होस्टिंग लगेच बंद नको करू रे भो. एक महिन्याचं मिळालं तर घे, हजार रुपये वाचवायला गेला तर मेलपेटीच जाईल.

केळीवाला_सावदा:
ताई, दादा, सगळ्यांचे पाय धरतो. पोरगं चांगलं निघालं, सुरतहून बसल्या बसल्या खातं माझ्या नावावर करून दिलं, वर सॉरी पण म्हणाला.

आखाजी झाली, तिसऱ्या रात्री केलं. साडेअकराला लाईट गेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुढचं काम. मराठी जसंच्या तसं, 'नागलीचे पापड' दिसल्यावर आईला उठवून दाखवलं, ती म्हणाली हे दाखवायला उठवलं काय. मेल दोन्ही पेट्यांत येताहेत, आज सकाळी नाशिकच्या त्याच व्यापाऱ्याला मुद्दाम एक पाठवला, त्याचं उत्तर आलं. एवढंच कळत नाही, साइट मला काल दुपारपासूनच नवी दिसतेय, बदल तर मी रात्री केला?

धुळ्याची_ताई:
होस्ट्समधली ती ओळ काढली का?

केळीवाला_सावदा:
...काढतो.