क्रॅचिटांच्या घरचं जेवण पुरलं का?

तळटीप:
डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) मधलं क्रॅचिटांचं जेवण म्हटलं की लोक गहिवरतात. मला वाटतं, डिकन्सने तिथे भूक चक्क साखरेत घोळवून दिलीय. विसरलेल्यांसाठी: बॉब क्रॅचिट हा स्क्रूज नावाच्या कवडीचुंबकाकडे आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणारा कारकून. घरात खाणारी तोंडं आठ, भाजलेलं गूज, म्हणजे पाळीव हंस, एक. सफरचंदाचा सॉस आणि कुस्करलेले बटाटे जोडीला, म्हणून ते पुरतं. धाकटी दोघं चमचे तोंडात कोंबून बसतात, कारण पाळी यायच्या आत गूज मागत ओरडायला नको. शेवटी ताटलीत हाडाचा कण दिसतो, तर क्रॅचिटबाई हरखून म्हणतात, सगळं संपलं नाहीच की! निवेदक इतक्या खुशीत सांगतो की आपणही खूश.

उंबरठा:
अहो, पुडिंगचा परिच्छेद वाचा पुन्हा. एवढ्या मोठ्या कुटुंबाला हे पुडिंग लहान आहे, असं कुणी म्हटलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही, आणि तसं नुसतं सुचवायलाही कुठल्याही क्रॅचिटला लाज वाटली असती, असं निवेदक सांगतो. मनातच आलं नाही, तर लाज कशाची? पुडिंग लहान आहे हे आपल्याला कळतं तेच मुळी या वाक्यातून. बरं, त्यावर पेटवलेली ब्रँडी घोटभर. आणि पुढे जिन-लिंबू प्यायला घरातली सगळी काचेची भांडी निघतात ती किती? दोन पेले आणि एक बिनकानाचा कप. लपवणारा माणूस असा हिशेब देत बसत नाही.

मिरपूड:
तळटीप यांच्या बाजूने, पण माझी तक्रार वेगळी आहे. याच लेखकाचा ऑलिव्हर ट्विस्ट वाडगा पुढे करून आणखी मागतो आणि मार खातो. क्रॅचिट मागत नाहीत, त्यांना शेवटी स्क्रूजकडून टर्की पक्षी मिळतो. गरिबाने सोशिक राहावं, मग धनी पाझरेल. श्रीमंत वाचकाच्या फार सोयीचं आहे हे.

उंबरठा:
सोशिक? क्रॅचिटबाईंना विसरलात. बॉब स्क्रूजच्या नावाने पेला उचलतो तेव्हा त्या लालबुंद होतात. तो इथे असता तर चार शब्द सुनावून त्याचं पोट भरलं असतं, असंच म्हणतात. मग पितात, पण बॉबसाठी आणि सणासाठी. त्या नावाने बैठकीवर पडलेलं सावट पाच मिनिटं हटत नाही.

भट्टीवाला:
सगळे ताटाकडे बघताय, जरा चुलीकडे बघा. गूज घरी भाजलेलं नाही, बेकरीतून आणलंय. गरिबांच्या घरी ओव्हन नसायचा, म्हणून रविवारी, सणाला जेवण बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यायचे. रविवारी असे व्यवहार बंद पाडायचे कायदे करायला पार्लमेंटात खटपटी चालल्या होत्या. त्याच प्रकरणात स्क्रूज त्याला नाताळ दाखवत फिरवणाऱ्या भुतालाच विचारतो, गरिबांचं सातव्या दिवसाचं जेवण का तोडता? आता पुडिंग. ते फडक्यात बांधून कपडे उकळायच्या हंड्यात शिजतं, आणि उघडल्यावर आधी वास येतो धुण्याच्या दिवसाचा. साखरेत घोळवायचं असतं तर पुडिंगला धुण्याचा वास कशाला दिला असता?

तळटीप:
वास आहे, पण पुढच्याच ओळींत हॉली या नाताळच्या काटेरी झुडपाची डहाळी खोचून पुडिंग मिरवत येतं, आणि तो वास कुणाला आठवत नाही. शेवटाकडे बघा. स्क्रूज सुधारतो, बॉबच्या लहानग्या टायनी टिमच्या दुप्पट आकाराचा टर्की गाडीत घालून कॅम्डेन टाउनला पाठवतो. म्हणजे ते प्रसिद्ध गूज फक्त भुताने दाखवलेलं. आणि टर्कीचं जेवण? एक ओळही नाही! तुटपुंज्या जेवणाला पानंच्या पानं, आणि पोटभर जेवणाच्या वेळी लेखक गायब. गरिबी देखणी दिसते तेवढ्यापुरताच त्याला रस.

उंबरठा:
की पोट भरल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही म्हणून?

मिरपूड:
पण तो टर्की भाजला कुठे?

भट्टीवाला:
बेकरीतच, दुसरं कुठे! एवढं धूड, तेही त्याच दिवशी आलेलं, म्हणजे जेवायला रात्र झाली असणार. दुसऱ्या दिवशी बॉब कामावर साडेअठरा मिनिटं उशिरा येतो आणि म्हणतो, काल जरा मजेत होतो साहेब. टर्कीच्या जेवणाची पुस्तकातली नोंद तेवढीच.