नेल्सनचा स्तंभ, पण नेल्सन कुठे आहे?

दगडीचौथरा:
छायाचित्रणाच्या पहिल्या दशकात स्मारकांचे फोटो भरपूर निघाले. त्यात प्रतीकं शोधू नयेत, असं अनेकजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅल्बटने एप्रिल १८४४ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात काढलेला फोटो घ्या. ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन याचा पुतळा आदल्या नोव्हेंबरातच स्तंभावर चढला होता. फोटोत तो नाहीच! आहे काय, तर अर्धवट चौथरा, परांची आणि समोरच्या लाकडी कुंपणावर एकावर एक डकवलेल्या जाहिराती. मागे चर्चचं शिखर मात्र नीट बसवलंय. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच चौकटीबाहेर. हा मला निर्णय वाटतो.

उन्हातलाकागद:
निर्णय कसला? कॅलोटाइपच्या, म्हणजे टॅल्बटच्या फोटो-पद्धतीच्या, कागदाला भर उन्हातही मिनिटभर किंवा जास्तच वेळ लागायचा. माणसं, घोडागाड्या पुसट व्हायच्या किंवा गायबच. दगड हलत नाही, म्हणून दगड टिपला. स्तंभ पन्नास मीटरच्या वर. कॅमेरा वर कलवला की रेषा तिरक्या होतात. अर्थ आपण दीडशेहून जास्त वर्षांनी चिकटवतोय.

दगडीचौथरा:
दगड हलत नाही हे मान्य. पण लंडनमध्ये न हलणारे दगड काय कमी होते? त्याने बांधकाम चालू असलेलाच का निवडला?

जुनीकाच:
माझं मत तिसरंच. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत हिल आणि अ‍ॅडमसन ही छायाचित्रकारांची जोडी माणसांना थडग्यांना टेकवून उभं करायची. टेकल्यावर माणूस हलत नाही, ही सोय झाली. पण हिल स्वतः वही घेऊन थडग्याशी चित्र काढत बसतो, तेव्हा ती नुसती सोय उरत नाही. अ‍ॅडमसन १८४८ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला; हे कळल्यापासून ते फोटो मला सरळ बघवत नाहीत.

उन्हातलाकागद:
हे हिलबद्दल मानतो, तिथे माणूस मुद्दाम आणून बसवलाय. टॅल्बटबद्दल नाही.

दगडीचौथरा:
मग पॅरिस बघा. मे १८७१ मध्ये कम्यूनने, म्हणजे तिथल्या बंडखोर सरकारने, नेपोलियनच्या विजयाचं स्मारक असलेला व्हाँदोम स्तंभ पाडला आणि छायाचित्रकार ब्राकेएने तिथल्या लोकांचे फोटो काढले. ते स्तंभापाशी अभिमानाने उभे राहिले. पुढे अशाच फोटोंवरून पोलिसांनी माणसं ओळखून काढली. पाडलेल्या स्मारकाजवळ उभं राहण्याला अर्थ आहे, हे त्यांनाही कळत होतं आणि पोलिसांनाही.