मल्टिपर्पज मशीनच्या शाफ्टवर नवं बेअरिंग हातानेच सरकतंय, चालेल का?

नमस्कार मंडळी,

माझं सुतारकामाचं जुनं मल्टिपर्पज मशीन आहे. एकाच शाफ्टवर मधे रंध्याचा कटर ब्लॉक, एका टोकाला गोल करवत, दुसऱ्या टोकाला पुली. काही दिवसांपासून रंधलेल्या फळीवर आडव्या लाटा उमटतायत. आधी पात्यांवरच संशय घेतला. धार लावून आणली, उंची पुन्हा जुळवली, फरक शून्य. मग पट्टा उतरवून शाफ्ट हाताने फिरवला, तर पुलीच्या बाजूला खरखर आणि वर-खाली हलवला की टकटक.

शाफ्ट बाहेर काढला. (करवतीचा नट उलट्या आट्यांचा असतो हे अर्धा तास घाम गाळल्यावर लक्षात आलं.) दोन्ही बेअरिंगं ६२०५ नंबरची. करवतीकडचं पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) लावून निघालं. पुलीकडचं मात्र पुलर लावायच्या आधीच हातात आलं! तिथे शाफ्ट चकचकीत घासलाय. मायक्रोमीटरने २४.९४ मिमी भरतो, बेअरिंगचं भोक २५. नवं बेअरिंग बोटांनी ढकललं तरी आत जातं.

ओळखीचे मिस्त्री म्हणतात, शाफ्टवर पंचने ठिपके मार, घट्ट बसेल. का रिटेनिंग कंपाउंड (फट भरून बेअरिंग घट्ट चिकटवणारा द्रव) लावू? आणि बेअरिंग साधं घ्यायचं की सी-३?

प्रतिसाद

पंच अजिबात नको. बेअरिंग त्या ठिपक्यांच्या टोकांवर बसतं, टोकं चार दिवसांत चेपतात आणि पुन्हा तेच. कंपाउंडने पकड येईल, पण ०.०६ची फट आहे. बेअरिंग एका अंगाला बसलं तर कटर ब्लॉक केंद्रातून सरकणार आणि लाटा तशाच राहणार. त्या जागी हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) चढवून ग्राइंडिंग करून घ्या. माप २५ मिमीपेक्षा २ ते ११ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जास्त ठेवायला सांगा. वेल्डिंगने भरू नका, शाफ्ट वाकायची भीती.

सी-३ म्हणजे बेअरिंगच्या आतली मोकळीक जास्त. सैल शाफ्टवर तो इलाज नाही. मूळ बेअरिंगवर जे लिहिलंय तेच घ्या, फक्त दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, नाहीतर भुसा आत जातो. बसवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

पण आतली रिंग शाफ्टवर का फिरली, ते आधी शोधा. पट्टा फार ताणलेला होता का?

धागाकर्ता

होता. करवत अडली की पट्टा घसरायचा, म्हणून मीच दर वेळी थोडा ताणत गेलो. पुलीकडचंच बेअरिंग का गेलं ते आता कळलं. शाफ्ट ग्राइंडिंगला देतो. करवतीकडचं बेअरिंग ठीक वाटतंय, ते ठेवू का?

प्रतिसाद

पुलरने बाहेरच्या रिंगला धरून ओढलं असेल तर नको. तसंही शाफ्ट बाहेर आहेच, दोन्ही बदला.