थायरॉईड काढल्यानंतरचा चालू त्रास : अहवाल ‘नॉर्मल’, मग थकवा आणि मुंग्या कशामुळे?

कृष्णाकाठ

नमस्कार. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्यात माझी संपूर्ण थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली. उजव्या बाजूच्या गाठीत पॅपिलरी प्रकारचा कर्करोग निघाला. गाठ लहान होती, लसिकाग्रंथींत काही आढळले नाही, आणि रेडिओआयोडीनची (किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराची) गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले. एवढ्यावर निभावले याबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि त्यामुळेच उरलेल्या त्रासाविषयी बोलताना संकोच वाटतो. पण तो त्रास आता रोजच्या कामाच्या आड येऊ लागला आहे.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. दुपारनंतर इतका थकवा येतो की वह्या तपासायला बसले तरी डोळे मिटतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आणि फळ्यावर लिहिताना कधीकधी बोटे आखडतात. शेवटच्या तासापर्यंत आवाज पार दमून जातो. वजन ६२ किलो आहे. थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी पहाटे उठल्यावर घेते, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत चहा होतो, आणि शाळेत निघण्यापूर्वी नाश्त्याबरोबर कॅल्शियमची गोळी घेते. दुसरी रात्री जेवणानंतर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते. शेवटच्या तपासणीत टीएसएच ४.६ आले, त्यावर प्रयोगशाळेने ‘नॉर्मल’ असा शेरा दिला आहे. कॅल्शियम ८.० आहे, त्यापुढे ‘किंचित कमी’ असे छापलेले आहे.

शल्यचिकित्सक म्हणतात की जखम उत्तम भरली आहे. गावातले डॉक्टर ताणाचा परिणाम म्हणतात, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मते हे वयाचे आहे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असेलही, परंतु हा सगळा त्रास एकत्र कोणी पाहावा आणि मी नेमके काय विचारावे, हे कळत नाही.

निशिगंध

ताई, तुमचे मुंग्या आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांचे वर्णन वाचले आणि लगेच लिहायला बसले, कारण माझ्याही थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर हेच झाले आणि पुढे ते कायमचे ठरले. थायरॉईडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यांचे काम थायरॉईडपेक्षा अगदी वेगळे आहे. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रिया कुशलतेने झाली तरी त्यांचा नाजूक रक्तपुरवठा दुखावू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत त्या काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. सहा महिने ते वर्ष उलटूनही सावरल्या नाहीत, तर तो कायमचा विकार समजून उपचार आखावे लागतात.

म्हणून पहिली विनंती अशी की कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन (रक्तात कॅल्शियम वाहून नेणारे प्रथिन), फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पीटीएच (पॅराथायरॉईडचे संप्रेरक) या तपासण्या एकाच वेळी करून घ्या. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमचा आकडा खोटाच कमी दिसतो, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम घेतले तरी फरक पडत नाही. कॅल्शियम कमी असताना पीटीएचही कमी निघाले, तर दोष पॅराथायरॉईडचा आहे हे स्पष्ट होते.

दुसरी गोष्ट तुमच्या आठवड्याच्या पुडीची. त्या पुडीतले ड जीवनसत्त्व शरीराच्या उपयोगी पडण्यासाठी मूत्रपिंडात त्याचे सक्रिय रूप तयार व्हावे लागते, आणि त्या कामाला पीटीएचची चालना लागते. पीटीएचच नसेल तर पुडी घेऊनही मुंग्या राहतात. अशा रुग्णांना डॉक्टर कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे आधीच सक्रिय असलेले औषध, देतात. माझा दिवस खऱ्या अर्थाने बदलला तो त्या बारीक कॅप्सूलने. मात्र हे औषध किंवा जादा कॅल्शियम स्वतःच्या मनाने वाढवू नका. पीटीएच नसताना मूत्रपिंडे कॅल्शियम अडवून धरत नाहीत, ते लघवीतून वाहत राहते आणि खडे होतात. त्यामुळे माझे डॉक्टर रक्तातले कॅल्शियम मुद्दाम नॉर्मलच्या खालच्या काठाशी ठेवतात आणि अधूनमधून २४ तासांची लघवी तपासतात. तेव्हा ८.० हा आकडा एकट्याने घाबरवणारा नाही. पण त्यासोबत बोटे आखडत असतील तर तो पुरेसाही नाही.

हाताची बोटे आपोआप वाकून घट्ट झाली, श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला, आकडीचा झटका आला किंवा छातीत विचित्र धडधड सुरू झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. मी घरच्यांना हे लिहून दिले आहे, आणि तुम्ही शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा.

अंतःस्राव

मी या विषयाचा डॉक्टर आहे. इथे लिहून निदान होत नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

टीएसएचपुढे छापलेला ‘नॉर्मल’ हा शेरा ज्यांची ग्रंथी जागेवर आहे त्यांच्यासाठीच्या मर्यादेवरून दिलेला असतो. कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्या रुग्णाचे लक्ष्य धोक्याच्या गटानुसार ठरवतात. कमी धोक्याच्या रुग्णात ते बहुधा ०.५ ते २ च्या दरम्यान असते, आणि धोका जास्त असेल तर त्याहून खाली. त्यामुळे ‘माझे टीएसएच किती असावे?’ हा आपला पहिला प्रश्न असावा, आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्यावे. त्याचबरोबर थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी उरल्या वा परतल्या का हे दाखवणारी रक्ततपासणी), त्याविरुद्धची प्रतिपिंडे आणि गळ्याची सोनोग्राफी पुन्हा केव्हा करायची, हेही विचारावे.

ग्रंथी पूर्ण काढल्यावर साधारणतः दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. आपल्या वजनाला १०० मायक्रोग्रॅम जवळपास बरोबर बसते, आणि तरीही टीएसएच ४.६ आहे; औषध कमी पडले की टीएसएच वाढते. म्हणजे मात्रा वाढवण्याआधी गोळी पोटातून रक्तात पूर्ण पोहोचते का, हे पाहिले पाहिजे. आपल्या घरांत पहाटेचा दुधाचा चहा चुकत नाही, पण गोळीनंतर निदान अर्धा तास, शक्यतो पूर्ण तास, पाण्याशिवाय काही घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह यांच्यात व थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे, कारण ती आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि गोळी वाया जाते. तेव्हा सकाळचे कॅल्शियम मधल्या सुट्टीतल्या डब्याबरोबर नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून पाहा. कार्बोनेट प्रकारचे कॅल्शियम जेवणाबरोबरच चांगले शोषले जाते. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेत असाल तर तेही सांगा; तिच्यामुळे थायरॉईडची गोळी आणि हे कॅल्शियम या दोन्हींचे शोषण घटते.

या औषधाचे रक्तातले अर्धायुष्य (निम्मे औषध संपायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे आहे, म्हणून कोणताही बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासावे. पंधरा दिवसांनी तपासून पुन्हा मात्रा हलवली की नुसता गोंधळ वाढतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांनी अनेक प्रयोगशाळांत टीएसएच खोटे कमी दिसू शकते. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या थांबवाव्यात.

थकव्याला आणखी कारणे असू शकतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ पाहावे, झोप आणि मनःस्थितीची चौकशी व्हावी. टीएसएच लक्ष्यावर येऊनही काही रुग्णांचा थकवा पूर्ण जात नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्येच नोंदवले होते की संपूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण पुढे मंद आणि निस्तेज होत गेले. १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या शल्यचिकित्सकाने ते रुग्णांच्या मनाचे खेळ मानले नाहीत. टी-३ (थायरॉईडचे दुसरे संप्रेरक) जोडल्याने बरे वाटते असे काही जण सांगतात, पण चाचण्यांतून तसा फायदा सातत्याने दिसलेला नाही, त्यामुळे मी त्याकडे शेवटी वळतो.

या सर्वांसाठी आपण एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे) जावे आणि शस्त्रक्रियेचा तपशील, पॅथॉलॉजीचा अहवाल व आजवरचे सर्व रक्ततपासणीचे कागद तारखेनुसार लावून न्यावेत. पॅथॉलॉजीच्या अहवालात एखादी पॅराथायरॉईड ग्रंथी काढली गेल्याची नोंद असू शकते, आणि ती पाहायची अनेकदा राहून जाते.

पंचम

आवाजाबद्दल थोडे लिहितो, कारण मी भजन गातो आणि माझ्या शस्त्रक्रियेनंतर वरचे सूर लागेनासे झाले होते. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा थायरॉईडला लागूनच असतात. त्यांतली एक नस दुखावली तर आवाज घोगरा होतो, आणि दुसरी दुखावली तर बोलताना तो ठीक वाटतो, पण उंच स्वर व मोठ्याने बोलणे दमवते. शिक्षकांना ही दुसरी अडचण लवकर जाणवते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या, कारण गळ्याच्या बाहेरून हे काही कळत नाही. मला आवाजाच्या व्यायामाने पुष्कळ फायदा झाला. शाळेने छोटा कंबरेला लावायचा माइक दिला तर तो जरूर वापरा. वाचवलेला आवाज संध्याकाळी घरी उपयोगी पडतो.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. कॅल्शियमच्या गोळीने थायरॉईडची गोळी वाया जात असेल, हे मला कोणीच सांगितले नव्हते. पुण्यातल्या एंडोक्रायनोलॉजिस्टची वेळ घेतली आहे आणि कागद तारखेनुसार लावले आहेत. एक शंका उरते. पहाटेची घाई पाहता थायरॉईडची गोळी रात्री घेतली तर चालेल का? आणि एकादशीला काय करावे?

अंतःस्राव

झोपताना घेणे हा मान्य पर्याय आहे, पण शेवटच्या खाण्यानंतर निदान तीन तास गेलेले हवेत. आपले रात्रीचे कॅल्शियम जेवणानंतर असते, ते त्या वेळी दुपारकडे सरकवावे लागेल, म्हणून हा बदल कॅल्शियमचे वेळापत्रक ठरल्यावरच करावा. उपवासाच्या दिवशी थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर नेहमीसारखी घ्यावी. कॅल्शियम व (सुरू झाले असेल तर) कॅल्सिट्रायॉल त्या दिवशीही सोडू नये. निर्जळी करू नये आणि कॅल्शियम फराळाबरोबर घ्यावे. एखाद्या दिवशी थायरॉईडची गोळी राहिलीच, तर त्याच दिवशी पोट रिकामे असताना घ्यावी.